वधूचे आसन



रोममध्ये टायबर नदीच्या पलीकडे त्रास्तेवेरे नावाची जुनी वस्ती आहे. तिथल्या सांता मारिया चर्चमध्ये, वेदीच्या मागच्या अर्धघुमटावर, बाराव्या शतकातले मोझेइक चित्र आहे. सोनेरी भिंतीवर एकाच सिंहासनावर दोघे बसले आहेत : ख्रिस्त आणि मरीया. मरीयेच्या डोक्यावर मुकुट, अंगावर राणीची वस्त्रे, आणि ख्रिस्ताचा उजवा हात तिच्या खांद्यावर. तिच्या हातातल्या पट्टीवर बायबलमधल्या ‘गीतरत्न’ या प्रेमकाव्यातले शब्द आहेत. ते नववधूचे बोल आहेत, प्रियकराच्या मिठीविषयीचे.

आई आणि वधू एकच कशी? इथे मरीया ख्रिस्ताची आई आहेच. शिवाय ती साऱ्या ख्रिस्तमंडळीचे रूप आहे, आणि ख्रिस्त त्या मंडळीचा वर. इफिसकरांस पत्रात ही कल्पना आहे. बायबलचे शेवटचे पुस्तकही कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, लग्नापाशी येते.

ख्रिस्ती धर्मातले स्त्रीतत्त्व दडपले गेले, ते गुप्त खुणांतून शोधावे लागते, असे आपण कादंबऱ्यांतून वाचतो. मला ते पटत नाही. पोप दुसरे इनोसंट यांनी नव्याने बांधलेल्या त्रास्तेवेरेच्या या चर्चमध्ये हे स्त्रीतत्त्व ऐन वेदीच्या वर, सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे.

त्याच काळात फ्रान्समधल्या क्लेअरवोच्या मठात संत बर्नार्ड गीतरत्नावर निरूपण करत होते. ११३५ च्या सुमारास त्यांनी आरंभ केला. ११५३ मध्ये ते वारले तेव्हा ८६ प्रवचने झाली होती आणि आठ अध्यायांतला तिसरा जेमतेम सुरू झाला होता. श्रोते सगळे संन्यासी पुरुष. त्यांना ते सांगत, ही वधू म्हणजे देवासाठी तळमळणारा जीव. विराण्या ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

इंग्लंडात नॉर्विचच्या ज्युलियन या साध्वींना १३७३ मध्ये जीवघेण्या आजारात दर्शने झाली. त्यांनी ख्रिस्तालाच आई म्हटले : आई दूध पाजते, ख्रिस्त स्वतःलाच भोजन म्हणून देतो. आपले मराठी कवी रेव्हरंड टिळक यांनीही ख्रिस्ताला आईच्या नात्याने आळवले आहे.

पण मला सर्वांत जवळच्या वाटतात त्या स्पेनमधल्या आविलाच्या तेरेसा. १५७७ मध्ये त्यांनी जिवाचा किल्ला रंगवला. सात महालांचा किल्ला, आणि शेवटच्या महालात लग्न. त्या म्हणतात, दोन मेणबत्त्यांच्या ज्योती एक झाल्या तरी पुन्हा वेगळ्या करता येतात, ती नुसती जवळीक. नदीत पडलेले पावसाचे पाणी मात्र कोणी निराळे काढू शकत नाही, मीलन ते. इतके नेमके लिहिणाऱ्या या बाईला प्रवचनपीठावर जागा नव्हती. प्रत्येक जिवाला वधू म्हणणाऱ्या धर्मात स्त्रीच्या वाट्याला हे यावे, याचे दुःख वाटते.

‘धर्मपंडित’ ही पदवी कॅथलिक चर्चने प्रथमच स्त्रियांना दिली ती १९७० मध्ये. त्यांपैकी पहिल्या होत्या संत तेरेसा.