माहुलीच्या समाध्या

आज माझ्या घरची गोष्ट सांगतो.

गेल्या सुगीत आमच्या दारी हेळवी आले. आपल्या सांगली भागात हेळवी सर्वांना ठाऊक आहेत. ते बेळगावकडून येतात. पूर्वी बैलावर बसून येत. ते आपल्या घराण्याची वंशावळ सांगतात. नव्या पोरांची नावे लिहून घेतात. आपण त्यांना धान्य देतो.

हेळव्यांनी वही उघडली. म्हणाले, "तुमचा मूळपुरुष साताऱ्याला शाहू महाराजांच्या चाकरीत होता. त्याला माहुलीला अग्नी दिला."

शाहू महाराज वारले १७४९ साली. म्हणजे गोष्ट किती जुनी, बघा!

आमचे आबा ऐंशीचे. ते म्हणाले, "मला तिथं घेऊन चल. डोळे मिटायच्या आत एकदा बघू दे."

एस. टी.ने गेलो. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा एकमेकींना भेटतात. तेच संगम माहुली. तेथे घाट आहे, जुनी देवळे आहेत. साताऱ्याच्या राजघराण्यातल्या माणसांच्या समाध्याही आहेत. पण कितीतरी दगडांवर नावच नाही. आबा काठी टेकत दगडादगडापाशी थांबत. म्हणत, "वाच रे, काय लिहिलंय?" मी काय वाचणार?

एक समाधी कुत्र्याची आहे. हा शाहू महाराजांचा लाडका कुत्रा. त्याने महाराजांना वाघापासून वाचवले, असे सांगतात. ही समाधी सर्वांना माहीत! आणि महाराजांच्या आई, येसूबाई? संभाजी महाराजांच्या या राणी १६८९ साली मोगलांच्या कैदेत पडल्या. १७१९ साली सुटल्या. त्यांची समाधी कोणती, हे लोक विसरून गेले होते. अलीकडे अभ्यासकांनी जुने कागद वाचले, तेव्हा ती कळली.

आमच्या पुरुषाची खूण मिळाली नाही. साध्या चाकराला कोण समाधी बांधतो? आबांनी ओंजळभर पाणी आणले आणि एका बिननावाच्या दगडावर घातले.

परतताना मी विचारले, "आबा, त्या वहीत बायकांची नावं नव्हती. तुमच्या आजीचं नाव काय हो?"

आबा गप्प झाले. मग म्हणाले, "सारी तिला थोरली म्हणायची."

घरी आल्यावर आत्याला विचारले. ती आबांहून मोठी. तिने नाव पटकन सांगितले. त्याच रात्री मी कोरी वही काढली. पहिल्या ओळीत पणजीचे नाव लिहिले. आबांनी त्यावर बोट ठेवून दोनदा वाचायला लावले.

हेळवी पुन्हा आले, की त्यांच्या वहीतही ते लिहायला सांगणार आहे.