डब्यावरचा त्रिकोण काय सांगत नाही

मालवणातून बोलतोय. मागे कोंबडा आरवला तर समजून घ्या, रेकॉर्डिंग घरीच चाललंय.

परवा काकांबरोबर आंब्याच्या बागेत होतो. मोहोर आलाय, तुडतुडे पडलेत, म्हणजे फवारणी आलीच. काका पिंपात औषध ओतत होते. हात उघडे, कोपरापर्यंत भिजलेले. म्हटलं, "काका, ग्लोव्हज?"

"अरे, तीस वर्सां मारतंय, माका काय झाला?" आणि डब्यावर बोट ठेवलं. "ह्यो बघ, निळो त्रिकोण. लाल नाय."

इथेच गोची आहे. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग सांगतात, औषध अंगात गेलं तर लगेच किती घातक ते. वीस वर्षांनी काय होईल, ते त्रिकोण सांगतच नाही. मॅलॅथिऑनचा त्रिकोण निळा. पण २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मॅलॅथिऑन, डायझिनॉन आणि ग्लायफोसेट 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकली.

घाबरवत नाहीये. फवारणाऱ्या प्रत्येकाला कॅन्सर होतो असं नाही. अमेरिकेत १९९३ पासून हजारो शेतकऱ्यांचा पाठपुरावा चालू आहे. एकूण कॅन्सर इतरांपेक्षा जास्त नाही, पण प्रोस्टेटसारखे काही प्रकार जास्त दिसले. धोका वाढतो तो किती औषध, किती वर्षं अंगात गेलं त्यावर.

२०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्याची बातमी झाली. हळूहळू येणाऱ्या आजाराची होत नाही.

औषध सगळ्यात जास्त जातं ते कातडीतून. आणि मिसळताना ते पाणी न घातलेलं, कडक असतं. म्हणून ग्लोव्हज निदान तेव्हा तरी हवेतच. फवारणी सकाळी, दर्यावरचा वारा सुटायच्या आधी. रिकाम्या डब्यात पाणी भरायचं नाही. आणि कपडे वेगळे धुवायचे. काकांचा तो शर्ट काकी धुते, उघड्या हातांनी, नातवाच्या कपड्यांबरोबर. हे सांगितलं तेव्हा मात्र काका गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी ग्लोव्हज घातले. "घाम येता रे," म्हणून कुरकुरले, पण घातले. बागेत गडी असतील तर त्यांचे ग्लोव्हज मालकाने आणायचे. ते मागणार नाहीत, रोजाची भीती असते.

आज एक काम करा. घरातल्या औषधाच्या डब्याचा फोटो काढा. कंपनीचं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं, ते वाचा. आणि घरी मोठ्याने वाचून दाखवा.

भेटूया पुढच्या भागात.