लाइकमधून दिसणारा स्वभाव



‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही म्हण आपल्या तोंडी असते, आणि तरीही समोरच्याचा स्वभाव आपण त्याच्या स्टेटसवरून ठरवून मोकळे होतो. रोज फोटो टाकते ती मिरवणारी. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा देत नाही तो माणूसघाणा. रात्री दोन वाजता ऑनलाइन दिसतो तो वाया गेलेला. या झटपट निकालांविषयी मला आज कळकळीनं बोलायचं आहे. स्वभाव आणि समाजमाध्यमं यांचं नातं मानसशास्त्रानं बारकाईनं तपासलं आहे, आणि त्यातून जे हाती लागलं ते या निकालांना फारसा आधार देत नाही.

आधी स्वभाव मोजतात कसा, ते पाहू. १९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचं वर्णन करणारे जवळजवळ १८ हजार शब्द वेगळे काढले. पुढच्या संशोधकांनी गाळत, जोडत पाच मोठे गुण निश्चित केले: माणसांत रमण्याची वृत्ती, नव्याची ओढ, काटेकोरपणा, जुळवून घेण्याची तयारी आणि मनाची अस्वस्थता. हे पाचही गुण प्रत्येकात कमी-अधिक असतातच. ‘मी चारचौघांत सहज मिसळतो’, ‘मला चटकन काळजी वाटू लागते’ अशा धर्तीची विधानं समोर ठेवायची आणि ती आपल्याला कितपत लागू पडतात ते विचारायचं, अशी ही प्रश्नावली असते.

२००७ साली इंग्लंडमधल्या डेव्हिड स्टिलवेल या विद्यार्थ्यानं अशी प्रश्नावली ‘मायपर्सनॅलिटी’ नावानं फेसबुकवर ठेवली. आपला स्वभाव काय निघतो या कुतूहलानं लोकांनी ती भरली, मित्रांना पाठवली, आणि भरणाऱ्यांची संख्या ६० लाखांवर गेली. पुष्कळांनी आपल्या लाइकची माहितीही संशोधनासाठी देऊ केली. त्यातल्या ८६ हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवर स्टिलवेल, मिखाल कोसिन्स्की आणि वू यूयू यांनी २०१५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. माणसानं कशाकशाला लाइक केलंय एवढ्यावरून संगणकानं त्याचा स्वभाव ओळखायचा, आणि तोच स्वभाव ओळखीच्या माणसांनीही सांगायचा. १० लाइक मिळाले की संगणक ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या पुढे गेला. ७० मिळाले की मित्राच्या, १५० मिळाले की घरच्या माणसाच्या, आणि ३०० मिळाले की नवरा किंवा बायकोच्याही पुढे.

हे आकडे ऐकले की धडकी भरते. पण इथे जरा थांबू या. संगणकानं नेमकं काय ओळखलं? तर त्या माणसानं प्रश्नावलीत स्वतःबद्दल जे सांगितलं होतं, ते. आणि तेही किती? शून्य म्हणजे काहीच मेळ नाही आणि एक म्हणजे तंतोतंत मेळ, अशा मापावर संगणकाला सरासरी ०.५६ गुण मिळाले, माणसांना ०.४९. संख्याशास्त्राच्या हिशेबात ०.५६ याचा अर्थ असा, की माणसामाणसांतल्या फरकाचा जेमतेम एक तृतीयांश भाग हाती लागला. उरलेला दोन तृतीयांश कोणत्याच लाइकमध्ये सापडला नाही.

मला याहून महत्त्वाचा वाटतो तो २०१० सालचा एक अभ्यास. अमेरिका आणि जर्मनीतल्या २३६ जणांची प्रोफाइल संशोधकांनी अनोळखी लोकांना दाखवली. लोक तिथे स्वतःचं सजवलेलं रूप मांडत असतील, ही शंका खोटी ठरली. बरेचसे जण जसे होते तसेच दिसत होते. माणसांत रमणारा ओळखू आला, नव्याची ओढ असलेला ओळखू आला. ओळखायला सर्वांत अवघड गेली ती मनाची अस्वस्थता. म्हणजे आपल्या माणसाच्या बाबतीत जे कळायलाच हवं, ते प्रोफाइलवर सर्वांत कमी दिसतं. हसऱ्या फोटोवर विसंबून ‘तिचं छान चाललंय’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक भावानं, प्रत्येक मैत्रिणीनं हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या प्रौढांचा आणखी एक अभ्यास आला. समाजमाध्यमं जास्त कोण वापरतं? एक तर माणसांत रमणारे. आणि दुसरे, ज्यांचं मन लवकर डहुळतं ते. एकाला सांगायचं असतं म्हणून फोन हातात येतो, दुसऱ्याला जीव रमवायचा असतो म्हणून. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतात ते दोघांचे सारखेच दोन तास. तेव्हा ‘किती वेळ फोनवर असतो’ हा आईबापांचा लाडका प्रश्न मुलाबद्दल फारसं काही सांगत नाही. त्याला झोप लागते का, हा प्रश्न कितीतरी अधिक सांगून जाईल.

मग हे ढोबळ अंदाज कोणाच्या उपयोगाचे? माल विकणाऱ्याच्या. सँड्रा मात्झ आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली एका सौंदर्यप्रसाधन विक्रेत्यासाठी केलेला प्रयोग पाहा. माणसांत रमणाऱ्यांना एक जाहिरात, आपल्यात राहणाऱ्यांना वेगळी. स्वभावाला जुळणारी जाहिरात दिसली तिथे खरेदी सुमारे दीडपट झाली. जाहिरात पोचली होती ३१ लाखांहून अधिक स्त्रियांपर्यंत, आणि खरेदी झाली एकूण ३९०. लाखांत व्यवहार करणाऱ्याला एवढा कल पुरतो. त्याचा अंदाज बाकीच्यांच्या बाबतीत साफ चुकला तरी त्याचं काही बिघडत नाही. घरात मूल एकच असतं, सून एकच असते. तिथे चुकलेला अंदाज कोणाच्या तरी आयुष्यावर जातो.

हाच कल राजकारणातही वापरायला निघालेली केंब्रिज ॲनालिटिका ही कंपनी २०१८ साली जगापुढे आली. स्वभाव सांगणाऱ्या एका ॲपमधून तिच्याकडे माहिती गेली होती. फेसबुकनं तेव्हा सांगितलं, की भारतात ते ॲप ३३५ जणांनी घेतलं होतं. पण त्यांच्या मित्रयादीतून सुमारे ५ लाख ६२ हजार भारतीयांची माहिती गेली असण्याची शक्यता होती. त्या लाखोंना कोणी विचारलंच नव्हतं. होकार दिला होता तो फक्त त्यांच्या मित्रानं. तेव्हा ‘तुमचा स्वभाव ओळखा’ अशी लिंक आली, तर ती उघडण्याआधी आपल्या मित्रांचाही विचार करा.

आता एक आपल्या घरांतलं. हल्ली स्थळ आलं की पत्रिकेआधी इन्स्टाग्राम पाहतात. माझ्या ओळखीच्या एका घरात मी हे जवळून पाहिलं. फोन सोफ्यावर हातोहात फिरत होता. पहिल्या मुलीच्या खात्यावर हरिश्चंद्रगड, कळसूबाई, राजमाची. मावशी म्हणाल्या, ‘फार भटकी दिसते, घरात टिकायची नाही.’ दुसरीचं खातं कुलूपबंद. काका म्हणाले, ‘काहीतरी लपवतेय.’ दोन मुलींच्या स्वभावांचा निवाडा चहा निवायच्या आत झाला. सुदैवानं मुलगा ठाम होता. त्यानं दुसऱ्या मुलीला भेटून सरळ विचारलं. ती शाळेत शिकवते. आठवी-नववीची मुलं फॉलो करायला लागली, म्हणून तिनं खातं खाजगी केलं होतं. पुढे ती दोघं तासभर गप्पा मारत बसली, आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती कधीच का बोलत नाही हेही तिनं त्याला सांगितलं: तिथे लिहिलेलं सगळे वाचतात, म्हणून.