घण मारणाऱ्या बाईचं नाव

आष्ट्याहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय.

खंडेनवमीला आपण विळा, खुरपं, कोयता धुऊनपुसून मांडतो, हळदकुंकू वाहतो, झेंडू वाहतो. वर्षभर ज्या खुरप्यानं भांगलण केली, त्याला एक दिवस हात जोडतो. पण ते घडवलं कुणी, हे कधी मनात येतं का?

आपले लोहार-पांचाळ विश्वकर्म्याला मानतात. माघ शुद्ध त्रयोदशीला त्याची जयंती करतात. लोखंडाचे देव इतर देशांतही आहेत. जपानात वाळूतलं लोखंड भट्टीत गाळायचे, तिथं कानायागो नावाची देवी पुजत. गंमत बघा, देव बाई, पण तिला बायका खपत नाहीत असं मानून भट्टीजवळ बायकांना येऊ देत नसत.

आपल्याकडं मात्र बाईशिवाय भट्टी चालत नाही. रस्त्याकडेला घिसाड्यांचं पाल पडतं, तिथं जरा थांबून बघा. नवरा सांडशीत लाल लोखंड धरून बसतो आणि बायको उभी राहून घण मारते. लोखंड थंड व्हायच्या आत घाव नेमका बसावा लागतो. ही काय नुसती मदत झाली? हा हुन्नर आहे. तरी आपण म्हणतो, "घिसाड्याकडनं खुरपं आणलं."

आता मुद्द्याचं. १७ सप्टेंबर २०२३ पासून केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना आहे. १८ व्यवसायांत लोहारकामही आहे. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि तारणाशिवाय पहिलं कर्ज १ लाखापर्यंत, ५ टक्के व्याजानं. पण लाभ एका कुटुंबात एकालाच. मग अर्जावर नाव कुणाचं घालायचं? न विचारताच नवऱ्याचं पडतं. कामाला ती आणि कागदाला तो.

आम्ही दुसऱ्याला कशाला हसावं? शेतात दिवसभर राबून आम्हीही फॉर्मवर 'घरकाम' लिहिलंय.

म्हणून एवढंच करा. तुमच्या गावात भट्टीवर काम करणारी बाई असेल तर तिच्याशी बोला. आधार, रेशनकार्ड, बँकेचं खातं आहे का विचारा, नसेल तर सोबत जा. नाव कुणाचं घालायचं ते त्या दोघांनी ठरवावं, पण तिला विचारून ठरावं.

आणि यंदा खंडेनवमीला खुरप्याला कुंकू लावताना, घण मारणाऱ्या त्या हातांचीही आठवण ठेवा.