बेचाळीस टक्क्यांत आपण कुठे?



पंचविशीच्या आतले ४२ टक्के पदवीधर बेरोजगार, हा मेसेज तुमच्या फोनवर येऊन गेला असेल. आकडा खरा आहे. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३च्या ‘स्टेट ऑफ वर्किंग इंडिया’ अहवालातला, सरकारच्याच २०२१-२२च्या श्रमबल सर्वेक्षणावरून काढलेला. पण मोहल्ल्यात त्याचा अर्थ असा लावतात, की कॉलेज करून घरीच बसायचं तर पोराला दहावीनंतरच गॅरेजला लावा. माझं भांडण या अर्थाशी आहे.

शंभर पदवीधरांतले बेचाळीस रिकामे, असं हा आकडा म्हणत नाही. जे पुढे शिकतायत आणि नोकरी शोधत नाहीत, ते हिशेबात धरलेलेच नाहीत. जे काम करतायत किंवा शोधतायत, त्या शंभरांतल्या बेचाळीस जणांना अजून काम मिळालेलं नाही. त्याच अहवालात पंचवीस ते एकोणतीस वयात हा दर सुमारे २३ टक्के होतो, तिशी ते चौतिशीत दहाच्या आत येतो आणि पस्तिशीनंतर पाचाच्याही खाली. म्हणजे काम मिळतं, पण उशिरा. ते पदवीला साजेसं असतं का, हा वेगळा आणि जास्त कडू प्रश्न आहे.

आता गंमत बघा. पंचविशीच्या आतल्या निरक्षरांमध्ये हाच दर साडेतेराच्या आसपास आहे. त्यांना चांगली कामं मिळाली म्हणून नव्हे, तर त्यांना थांबणं परवडत नाही म्हणून. मिळेल ते काम उद्यापासून धरावं लागतं. बेरोजगार म्हणून मोजलं जायलाही घरात कुणाची तरी कमाई लागते!

आपल्या घरांत हे थांबणंच महाग आहे. बी.कॉम. झालेला मुलगा चाचांच्या दुकानात बिनपगारी बसला, तरी सर्वेक्षणात तो रोजगारात मोजला जातो. बी.एस्सी. झालेल्या मुलीला ‘आता स्थळं बघू’ म्हणून अर्ज करू दिले नाहीत, तर ती रोजगारातही नाही आणि बेरोजगारांतही नाही. मोजणाऱ्यांच्या दृष्टीने ती श्रमबाजारात आलेलीच नाही. सच्चर समितीने २००६ साली नोंदवलं होतं, की वीस वर्षांवरच्या मुस्लिमांत पदवीधर चार टक्क्यांहूनही कमी आहेत. इतक्या कष्टाने मिळवलेली पदवी आपण पहिल्याच वर्षी कपाटात ठेवतो.

म्हणून पालकांशी बोलायचं ते पदवीनंतरच्या दोन वर्षांबद्दल. मुलाला जितकी मुदत, तितकीच मुलीला. लग्नाच्या जेवणावळीसाठी कर्ज काढणारी घरं या दोन वर्षांसाठी पैसे नाहीत म्हणतात, हे मला पटत नाही. या काळात अप्रेंटिसशिप करता येते, स्पर्धा परीक्षा देता येतात. राज्य सरकारने २०२४मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिच्यात पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. ठरावीक महिन्यांचंच, पुढे नोकरीची हमी नाही, हेही घरी स्पष्ट सांगा. पण बायोडाटात लिहायला अनुभवाची एक ओळ होते, दुकानातल्या गल्ल्यावर ती होत नाही.

चहानंतर आपण गट करून बसू. ज्यांची पदवी झाली आहे, त्यांनी गेल्या सहा महिन्यांत कुठे-कुठे अर्ज केले ते कागदावर लिहून आणा. एकही केला नसेल, तर का नाही, ते लिहा.