डोळ्यावरची नागीण : तीन दिवसांचा हिशेब
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावाचा विषय आहेच. त्याआधी पाच मिनिटे डोळ्यासाठी मागत आहोत. आम्ही शेतीचे पदवीधर, डॉक्टर नव्हे. पण हे गावात माहीत असायलाच हवे.

नागीण म्हणजे सापाचा शाप नव्हे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू मरत नाही, मज्जातंतूच्या मुळाशी दडतो. शेंदरी बोंडअळी पऱ्हाटीत, सरकीत दडून पुढच्या हंगामाची वाट पाहते, तसाच. वय पन्नाशीपुढे गेले, अंगातली ताकद खचली की उठतो. कपाळाचा मज्जातंतू त्याने धरला, तर डोळा धोक्यात.

आधी कपाळाच्या एकाच बाजूला आग आणि ठणका. मग दोन-चार दिवसांत पाण्याच्या फोडांचे घोस. फवारणीच्या दिवसांत आपण म्हणतो, औषध उडाले. पण उडालेले औषध कपाळाच्या मध्यावर रेघ ओढल्यासारखे थांबत नाही, नागीण थांबते. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर जास्तच जपा. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याला जाणारी मज्जातंतूची फांदी एकच आहे. तिथे फोड नाही म्हणून डोळा सुटला, असेही समजू नका. डोळा लाल झाला, उजेड सोसेना, धूसर दिसू लागले, तर त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर गाठा.

औषध आहे. असायक्लोव्हीर ८०० मिलिग्रॅम, दिवसातून ५ वेळा, ७ ते १० दिवस. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा बदलते, म्हणून डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय घेऊ नका. उशीर झाला तरी जाच. दुकानातून मनाने स्टिरॉइडचे थेंब मात्र आणू नका, बुबुळ खराब होऊ शकते.

आणि नागीण उतरवणारे? फोड दोन-चार आठवड्यांत आपोआप सुकतात, श्रेय त्यांना मिळते. नजर गेली की दोष नशिबाला. दोन टोके जुळली की माणूस जातो म्हणतात. ती सहसा अंगाची मध्यरेषाच ओलांडत नाही, तर टोके जुळणार कुठे? तुमचे तीन दिवस खातो तो हाच धंदा.

फोड सुकेपर्यंत तान्ह्या बाळांपासून आणि कांजिण्या न आलेल्या गरोदर बायांपासून दूर राहा. त्यांना कांजिण्या होऊ शकतात.

असायक्लोव्हीर राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते नसेल तर लेखी मागणी करा, पोच घ्या आणि तिची नक्कल पुढच्या बैठकीला आणा.