मागच्या चाकांची पकड



कामगार संघटनेचा माणूस शर्यतीच्या मोटारींवर बोलणार, हे ऐकून काहींना नवल वाटले असेल. परंतु ज्या प्रश्नात यंत्र आणि घामाचा पैसा हे दोन्ही गुंतलेले असतात, तो आम्ही परका मानीत नाही. प्रश्न अमेरिकेतला आहे. तेथे दोन मोटारी शेजारी उभ्या राहतात आणि इशारा मिळताच पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, सरळ पळतात. हीच ड्रॅग रेसिंग. तिला शिस्त लावण्यासाठी वॉली पार्क्स यांनी १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. या खेळात धनवान आहेतच, पण आठवडाभर नोकरी करून रविवारी स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेली गाडी पळविणारेही पुष्कळ आहेत. आम्हांस आस्था आहे ती यांची.

हा मनुष्य पैसे साठवून इंजिनाची ताकद वाढवितो. गाडी सुटते, मागची चाके जागच्या जागी फिरतात, धूर निघतो, आणि शेजारची दुबळी गाडी पुढे निघून जाते. मग तो मागच्या कमानींकडे वळतो; आणि दुकानदार त्याची वाटच पाहत असतो.

खरेदीपूर्वी त्याने थोडे गणित करावे. समजा, गाडी १६०० किलोची आहे, पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २.७ मीटर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.५५ मीटर उंच आहे. शर्यतीच्या मऊ टायरांवर ती गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाने सुटली, तर सुमारे ३२५ किलो भार पुढून मागे जातो. या हिशेबात कमानीचे नावही नाही! उंची, लांबी आणि त्वरण, एवढेच त्यात येते. क्रायस्लर कंपनीतील इंजिनियरांच्या ‘रॅमचार्जर्स’ या मंडळाने हे ओळखले होते. म्हणूनच १९४९ सालची प्लिमथ गाडी त्यांनी मुद्दाम उंच उचलली आणि १९५९ साली ती ‘हाय अँड मायटी’ या नावाने शर्यतीत उतरविली. दिसायला ती ओबडधोबडच होती.

मग कमानी करतात काय? तो भार चाकांवर किती झटपट पोहोचतो, टिकतो की नाचतो, आणि दोन्ही चाकांवर सारखा पडतो की नाही, हे त्या ठरवितात.

आपण ट्रकखाली कमानपाटे पाहिले आहेत. त्या काळच्या बऱ्याच अमेरिकन गाड्यांनाही असेच पाटे असत. चाके पुढे फिरू लागली की आसाचे घर उलट दिशेने फिरू पाहते आणि त्याचे तोंड वर उचलले जाते. पाट्याचा पुढचा अर्धा भाग पिळला जातो, पीळ सुटतो, पुन्हा बसतो. चाक टपटप उड्या मारू लागते. यात वेळ तर जातोच, पण आस आणि शाफ्टचे सांधे तुटण्याचे भयही असते. येथे मऊ स्प्रिंग आणून भागत नाही, पीळ थांबवावा लागतो. स्वस्त उपाय म्हणजे पाट्याखाली बसवायची पट्टी. तिच्या टोकाचा रबरी ठोकळा पाट्याच्या पुढच्या डोळ्याखाली टेकतो. क्रायस्लरने १९६०च्या दशकात खास पाटेच दिले. त्यांचा पुढचा भाग आखूड व कडक, आणि उजवा-डावा पाटा वेगळा. उजवा वेगळा का? शाफ्टचा पीळ आसाला येऊन उजवे चाक हलके करतो. साध्या डिफरन्शियलच्या गाडीत मग तेच आधी घसरते. पुढे कॅलट्रॅक्स नावाची रचना आली. तीत आस फिरू पाहताच खालचा दांडा पुढच्या बिजागरीला ढकलतो आणि ती बिजागरी पाट्याला खाली दाबते. ज्याला त्याच गाडीने सोमवारी कामावर जायचे आहे, त्याच्यासाठी आमच्या मते हीच सर्वांत समंजस खरेदी होय.

लॅडर बार म्हणजे आसाला दोन ठिकाणी जखडलेला आणि पुढे एकाच खिळीवर झुलणारा त्रिकोणी दांडा. सरळ धावपट्टीवर उत्तम. रस्त्यावर मात्र एक चाक खड्ड्यात गेले की सारी रचना अडखळते. चार दांड्यांच्या रचनेत छिद्रांच्या रांगा असतात. वरच्या-खालच्या दांड्यांच्या रेषा पुढे जेथे मिळतात, तो बिंदू छिद्रे बदलून हलविता येतो. बिंदू पुरेसा वर घेतला की सुटताना गाडीचा मागचा भाग उचलला जातो आणि टायर जमिनीत दाबले जातात. फार वर घेतला तर पहिला दणका जबर बसतो आणि लगेच चाक हलके होते. एकही मोजमाप न करता ही रचना विकत घेणारे पाहिले की आम्हांस पगारपत्रक न वाचता सही करणाऱ्यांची आठवण होते.

मोजमाप म्हणजे काय, तर पहिल्या ६० फुटांची वेळ. तेथे वाचलेला सेकंदाचा एक दशांश शेवटी दीड ते दोन दशांशांचा होतो, असा जाणकारांचा अडाखा आहे. म्हणून आधी टायर व त्यांतील हवा, मग झिजलेले बुश, मग शॉकॲब्सॉर्बर; प्रत्येक बदल एकेकटा करावा आणि पुन्हा वेळ घ्यावी. सुटताना बाजूने चित्रफीत घेतली, तर चाक उडते की नुसते घसरते, हे दिसते. उडत असेल तर पीळ रोखणारा दांडा घ्यावा. एकच चाक घसरत असेल तर आधी डिफरन्शियल पाहावे.

एक गंमत सांगतो. शेवर्लेने २०१२ साली शर्यतीसाठी कोपो कॅमारो काढली, तेव्हा रस्त्यावरच्या कॅमारोची स्वतंत्र मागची चाके काढून जुन्या धाटणीचा अखंड आस बसविला. आणि टॉप फ्युएल या सर्वांत वेगवान वर्गात तर मागे स्प्रिंगच नसते. आस चौकटीलाच जखडलेला असतो, आणि लवचिकपणाचे सारे काम लांब चौकट आणि सुरकुत्या पडणारे टायर करतात.